पंक्तिप्रपंच

“काल पाच व्होल्ट देत होतास ना? मग आज तीनवर का अडून बसलास?” मी मोबाइल चार्जरच्या बोर्डाला दम भरला. रिक्षाच्या बॅटरीतून बारा व्होल्ट घ्यायचे आणि पाच द्यायचे, एवढंच त्याचं काम. रिक्षा युनियनचे अध्यक्ष खोकंभर चार्जरचा माल न्यायला निघालेही होते.

आयसी बदलली, कॉइल बदलली, डायोड बदलला. मीटर ढिम्म. शेवटी भिंग लावलं. लाल बोर्डावर, आयसीच्या दोन पायांच्या मधोमध, लालच ओला ठिपका. वास घेतला. हळदकुंकू! वीज तिथूनच झिरपत होती.

“आत्या!”

“ओरडतोस काय? आज खंडेनवमी. तुला कुठलं सुचतंय, म्हणून सकाळी मीच तुझी हत्यारं पुजली.”

स्पिरिटनं बोर्ड पुसला. पाच व्होल्ट! मला इतका आनंद झाला, की आत्याला तिथल्या तिथे माफ करून टाकलं. तेवढ्यात दारात रिक्षाचा हॉर्न वाजला.

मालाचं खोकं उचलत मी म्हटलं, “नशीब, एकाच बोर्डाला लावलंस.”

आत्या दुखावलीच. “एकालाच का म्हणून? अख्खं खोकं पुजलंय, एकेक बोर्ड बाहेर काढून. देवाधर्मात कसला रे पंक्तिप्रपंच!”