म्हशीचा अर्धा तास

"माझ्या लहानपणची सुई केवढी होती, सांगू? दंडातून आरपार गेली आणि मागे बांधलेल्या म्हशीलाही टोचली. त्या म्हशीला जन्मात गोवर आला नाही!"

फ्लूची लस घेता घेता मी ही हकिकत सांगितली, तरी विशाखा सिस्टर हसली नाही. लसीकरणाच्या प्रशिक्षणात आज तिची परीक्षा होती. मागे दळवी मॅडम वही घेऊन उभ्या होत्या. हात धुणं, नाव विचारणं, टोचणं, सुई डब्यात टाकणं, सगळं झक्क जमलं.

मी बाही खाली केली आणि उठलो. पारावर पत्त्यांचा डाव माझ्यासाठी खोळंबला होता.

"आजोबा, अर्धा तास इथंच बसायचं. चक्कर आली, पुरळ उठलं, तर आम्ही आहोत."

"मला चक्कर? चक्करच मला घाबरते!"

मी दार गाठलं. मॅडमनी पेन उघडलं. मघाशी एक पेशंट असाच निघून गेला, तर त्यांनी त्याच्या सिस्टरला नापास केलं होतं. पण डाव म्हणजे डाव.

"आजोबा," विशाखा सिस्टर हळूच म्हणाली, "त्या म्हशीला तरी अर्धा तास बसवलं होतं का?"

आता असा प्रश्न तसाच सोडून कुणी जातं का? मी मागे फिरलो, खुर्ची ओढली. "बसवलं म्हणजे? चार गडी लागले! आणि बसली ती नेमकी विहिरीवर..."

घड्याळात पाऊण तास झाला. मॅडम वही मिटून ऐकत होत्या. सिस्टर कधीच पास झाली होती.

"जा आता, आजोबा," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी लसीला या. तोवर म्हशीला उठवू नका."