पुढचं सगळं तिच्याकडून

सात वाजले तशा कुमुदिनीबाई पोह्यांची बशी घेऊन टीव्हीसमोर बसल्या. शेजारच्या खुर्चीत त्यांची मुलगी शाल्मली होती. रजा काढून सात महिन्यांनी कराडला आली होती. पडद्यावरही शाल्मलीच होती. ती निवेदिका होती त्या वाहिनीने तिचा चेहरा, आवाज आणि स्वभाव नोंदवून घेतल्यापासून सकाळच्या बातम्या देणारी शाल्मली एकाच वेळी लाखभर घरांत जायची आणि प्रत्येकाशी त्याच्यापुरतं बोलायची.

“आई, गुडघा काय म्हणतोय?” पडद्यावरच्या शाल्मलीने विचारलं.

“कालच्यापेक्षा बरा आहे.”

“गुडघ्याला काय झालं?” खुर्चीतली शाल्मली दचकली.

“थांब गं, ती बोलतेय ना!”

“आई, कुणाचा आवाज येतोय? कोण आलंय घरी?”

“कुणी नाही गं. तूच आलीयस.”

 पडद्यावरच्या शाल्मलीने समोरचे कागद टेबलावर आपटून सारखे केले आणि सहनिवेदकाकडे बातम्या सोपवताना म्हणायची तसं हसून म्हणाली, “तर मग, पुढचं सगळं तिच्याकडून.” टीव्ही आपोआप बंद झाला.

ते वाक्य ऐकलं की आपण सुरू करायचं, ही दहा वर्षांची सवय. खुर्चीतली शाल्मली ताठ बसली, केस मागे सारले आणि म्हणाली, “नमस्कार, मी शाल्मली...”

कुमुदिनीबाईंना इतकं हसू फुटलं, की पोहे सांडता सांडता वाचले.

“माहितीय मला! नाव मीच ठेवलंय. आता गुडघ्याचं विचार.”