गरम पाण्यातला फ्लोट

शिवशंकरच्या नावेची मोटार दुकानात आली तेव्हा तिच्या कार्बोरेटरमधून पेट्रोल नुसतं वाहत होतं.

"करीमभाई, तीन मिस्त्री झाले. कार्बोरेटरची सुई नवी टाकली तरी ओव्हर होऊन राहिलीय," तो म्हणाला.

मी पाना उचलला. दोन वर्षांपूर्वी नांदेडला क्लासला जाताना माझा भाऊ फरहान शिवशंकरच्याच नावेतून गोदावरीत पडला आणि बुडाला. त्यानं पोलिसांत जबाब दिला, "मोटार ओव्हर होऊन बंद पडली. वळता आलं न्हाई." मी काठावरच होतो. मोटारीचा आवाज एकदाही तुटला नव्हता.

मी आतला फ्लोट काढला. लिंबाएवढी पोकळ पितळी डबी. तिला भोक पडलं की ती पेट्रोलमध्ये बुडते आणि पेट्रोल वाहत राहतं; मोटार ओव्हर होते म्हणतात ते हेच. भोक शोधायला ती गरम पाण्यात दाबून धरतात. आतल्या हवेचे तीन-चार बुडबुडे येतात, संपलं.

मी दाबून धरली. दहा बुडबुडे आले, वीस आले. पाणी कोमट झालं तरी थांबेनात. माणूस श्वास सोडतो तसे ते थांबून थांबून येत होते.

मग त्यांच्यातलं अंतर वाढत गेलं. समोर स्टुलावर शिवशंकरची छाती त्यांच्याच लयीत हलत होती. त्यानं गळ्याला हात लावला. ओठांच्या कडेनं गढूळ पाणी ओघळलं.

"भाई... वर काढ ते."

मी डबी बोटानं आणखी खाली दाबली.

"मोटार ओव्हर झालीय, मालक," मी म्हणालो. "वळता येत न्हाई."