रंगेहाथ

“तिला सांग, ओत म्हणावं काय ओतायचं ते. विहीर काही पळून जात नाही.”

बाबा हे सुनेला सांगत होते. ‘ती’ म्हणजे त्यांची सख्खी मुलगी, हातात रंगाची बाटली घेऊन समोरच उभी होती. आई गेली तेव्हा ही दूर कुठल्याशा समुद्रात, संशोधनाच्या बोटीवर होती. घरी पोचली तोवर सगळं आटोपलं होतं. तेव्हापासून बाबांनी तिच्याशी अवाक्षर काढलं नव्हतं. जे काही असेल ते ‘तिला सांग’. मधल्यामध्ये वहिनीचं पोस्ट ऑफिस झालं होतं.

“ऐकलं मी,” मुलगी म्हणाली.

“मला तरी सांगू दे गं. तेवढंच काम आहे मला या घरात,” वहिनी म्हणाली.

जमिनीत मुरलेलं पाणी आतल्या आत समुद्राला जाऊन मिळतं, त्याचा माग काढणं हा मुलीचा धंदा. अशा पाण्यात रेडॉन नावाचा वायू भरपूर असतो आणि समुद्राच्या पाण्यात नावापुरता. घरासमोरच्या किनाऱ्यावर तिच्या यंत्राने तो पकडला होता. आता हे पाणी येतं कुठून, ते बघायचं होतं. त्यासाठी विहिरीत हिरवा रंग सोडायचा, कुणाला अपाय न करणारा, आणि ओहोटीला तो वाळूतून वर येतो का ते पाहायचं. खरं तर शेजाऱ्यांची विहीर समुद्राला जास्त जवळ होती. पण अहवालात लिहायला काय, दहा कारणं सापडतात. तिला बाबांच्या तोंडून एक शब्द हवा होता. रागाचा असला तरी चालेल, पण सरळ तिला बोललेला.

रंग विहिरीत गेला. “आता पाणी उपसायचं नाही हं. नळाचं वापरा,” तिने बजावलं. “रंग समुद्राला पोचला की मी निघाले.”

“किती दिवस लागतील, विचार तिला.”

“आठवडा,” ती वहिनीकडे बघून म्हणाली. सवय तिलाही लागली होती.

ती मुक्कामाला लॉजवर राहिली. रोज ओहोटीला किनाऱ्यावर जायची, वाळूतल्या झऱ्यांचं पाणी बाटल्यांत भरायची, यंत्राला दाखवायची. याच वाळूत लहानपणी बाबांनी तिचं बोट धरून खुपसलं होतं आणि म्हणाले होते, “चाख. समुद्रात गोडं पाणी!” ती चव तिने जन्मभर जिभेवर ठेवली, त्यापायी शिकली, त्यापायीच लांब गेली. आता बाबा ओसरीवर खुर्ची टाकून बसायचे. तोंड समुद्राकडे. ती वळून पाहायची तेव्हा त्यांचं लक्ष नेमकं वर्तमानपत्रात असायचं.

आठवड्याचे तीन झाले. रंगाचा पत्ता नाही. ऑफिसातून साहेबांचा फोन आला. “तुझा रंग गेला पाताळात. गुंडाळ गाशा आणि ये उद्या.”

तिला रडूच आलं. रंगासाठी नाही. परत यायला निमित्त म्हणून आता काय काढायचं, हे तिला सुचेना.

विहिरीतलं मोजायचं सामान काढून घ्यायला ती मागच्या फाटकाने घरी आली. दोरीवर बाबांचे बनियन वाळत होते. एकूण एक हिरवेगार.

“बघ बाई,” वहिनी आणखी एक पिळत म्हणाली, “तुझ्या बाबांचा पार पोपट झालाय. विचारलं तर म्हणतात, साबण बदल.” एवढ्यात दुधाचा वास आला आणि “अगं बाई, उतू गेलं!” म्हणत ती आत पळाली.

विहिरीकडून रहाट करकरला. बाबा पाणी ओढत होते. पोहरा वर आला, की वरच्या अंगाच्या, समुद्रापासून लांबच्या झाडांच्या आळ्यात रिकामा होई आणि पुन्हा खाली जाई. सगळी बाग चिखलात उभी होती. तीन आठवडे ती समुद्रात जे शोधत होती, ते इथे झाडांच्या बुडाशी मुरत होतं.

“बाबा!”

ते दचकले. हातातून दोर सुटला, पोहरा धाडकन पाण्यात आदळला. त्यांचे हात मनगटापर्यंत हिरवे होते. रंगेहाथ पकडणं म्हणतात ते यालाच.

“उपसू नका म्हणून बजावलं होतं ना मी? सगळ्या कामाचा बट्ट्याबोळ झाला माझ्या! का केलंत असं?”

बाबांनी सवयीने इकडेतिकडे पाहिलं. वहिनी आत दुधाशी झटत होती. ‘तिला सांग’ म्हणायला जवळ कुणीच नव्हतं. त्यांनी हिरवे हात पाठीमागे लपवले.

“रंग पोचला की तू जाणार होतीस ना गं.”