समाप्तीनंतरचं रीळ

पडद्यावर ‘समाप्त’ आलं. अक्षरं परक्या लिपीतली होती, पण समाप्त कुठल्याही लिपीत ओळखू येतं. वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये खुर्च्या करकरल्या, मफलरी गळ्यांभोवती फिरल्या, कोणीतरी दणक्यात नाक शिंकरलं. आणि मागून, प्रोजेक्टरपाशी उभी असलेली भिंगरी ओरडली, “बसा, बसा! अजून एक रीळ आहे!”

होतंच. झाकणावर ठसठशीत तीनचा आकडा असलेला डबा अजून उघडायचाच होता. ऑपरेटरकाका तापाने अंथरुणात, म्हणून रविवार दुपारचा सिनेमा आज पहिल्यांदाच भिंगरीच्या हाती आला होता. त्यात काय एवढं, असं ती कालपासून घरभर सांगत सुटली होती. सकाळी येऊन तिने तिन्ही डबे उघडून, घासूनपुसून आरशासारखे लखलखीत केले होते. धुळकट डब्यातून सिनेमा दाखवणाऱ्यांतली ती नव्हे.

तिने रीळ चढवलं. दिवे घालवले.

पडद्यावर पाववाला पीठ मळू लागला.

तोच पाववाला! मागच्या रिळात ज्याला भर बर्फात पुरून आले होते तो. बायकोने भट्टी विझवली होती, दुकानाला कुलूप घातलं होतं. आणि आता हा गडी बाह्या सरसावून पीठ मळत होता. चिमटीत मीठ धरून, मान वळवून बायकोला नुसत्या भुवयांनी विचारत होता, एवढं पुरे?

भिंगरीने वळून डब्यांकडे बघितलं. झाकणं! पुसून परत लावताना दोनचं तीनला आणि तीनचं दोनला बसलं होतं; शेवटचं रीळ आधीच दाखवून झालं होतं, मधलं आता चाललं होतं.

हात बटणापर्यंत गेला. पण पुढच्या रांगेत मावशी होती. उठायला निघालेली मावशी शाल अर्धी खांद्यावर, अर्धी जमिनीवर ठेवून पुन्हा खाली टेकली होती आणि पापणी न हलवता पडद्याकडे बघत होती. तिचे यजमान, भिंगरीचे काका, वारल्यापासून ती आज पहिल्यांदा घराबाहेर पडली होती. भिंगरीनेच तिला ओढून आणलं होतं, “पाववाल्याचा सिनेमा आहे गं, जाम हसशील” असं छातीठोक सांगून. बघितला कोणी होता? पोस्टरवर पाव होता, एवढंच.

हात मागे आला. रीळ संपेपर्यंत पाववाला जिवंत राहिला, बायकोशी भांडला, करपलेला पाव तिच्यापासून लपवायला निघाला, आणि तो टोपीखाली सरकवतानाच पडदा पांढरा झाला.

दिवे लागले.

मग सूप आलं. भोपळ्याचं, वाफाळतं, सोबत पावाचा जाड तुकडा. या हॉलचा नियम असा, की वाडगा हातात घ्यायचा, पण प्रत्येकाने सिनेमावर एकेक वाक्य बोलल्याशिवाय कोणीच चमचा बुडवायचा नाही. त्यामुळे थंडीच्या दिवसांत वाक्यं फार आखूड होत.

“काळाची मोडतोड!” चित्रकलेच्या बाई म्हणाल्या. “काय धाडस आहे!”

मूकपटाला साथ करणारे व्हायोलिनवाले आजोबा वैतागले होते. “मी रडवं वाजवतोय आणि हा उठून पीठ मळतोय. आधी सांगायची काही पद्धत?”

“मला विचाराल तर,” पेपरवाले काका म्हणाले, “काहीतरी उलटंसुलटं झालंय.”

भिंगरीचे कान तापले.

“कलेत उलटंसुलटं नसतं हो,” बाईंनी त्यांना जागच्या जागी गप्प केलं. “पुढचं वाक्य.”

पुढचं वाक्य मावशीचं होतं. ती वाडग्याकडे बघत बोलली.

“परवा सकाळी मी ओट्याशी होते. आणि हे मागून म्हणाले, गॅस बारीक कर. अगदी नेहमीसारखं, खेकसून.” तिने शाल खांद्यावर ओढली. “कोणाला बोलले नाही मी. म्हटलं, फिरलं आपलं डोकं. पण कोणीतरी याच्यावर सिनेमा काढलाय म्हणजे... होत असणार ना, सगळ्यांनाच?”

एकाची सहा वाक्यं झाली, पण कोणी तिला नियम दाखवला नाही. आजोबांनी व्हायोलिनची पेटी उगाचच उघडली आणि बंद केली. मावशीने पाव वाडग्याच्या कडेशी नीट टेकवला. घरी दोन घासांवर ताट सरकवणारी मावशी चमचा हातात घेऊन तयार बसली होती.

“राहिलं कोण?” बाईंनी विचारलं. “भिंगरी!”

सगळे वाडगे तिच्याकडे वळले.

झाकणांचा घोळ झाला, म्हणायला एवढंच होतं. तीन शब्द. म्हटले, की सिनेमा सरळ होणार आणि मावशी पुन्हा एकटीच वेडी ठरणार. न म्हटले, तर खोटं. पण कोणाचं खोटं? काका खेकसले हे काही तिने डब्यात घातलं नव्हतं. तिने पेपरवाल्या काकांकडे बघितलं, मग बाईंकडे, मग रिकाम्या पडद्याकडे. एरवी शाळेत प्रश्न पुरा व्हायच्या आत हात वर करणाऱ्या पोरीला एक वाक्य जुळेना.

“बोल गं लवकर,” मावशी म्हणाली. “भूक लागलीये मला.”

“मला...” भिंगरी म्हणाली. “मला नीट कळलाच नाही.”

“न का कळेना,” मावशी म्हणाली. “इतक्यात कळूही नये तुला.”

आणि तिने सुपात चमचा बुडवला.