चार बोटं खाली

साबणाच्या पाण्यात एकही बुडबुडा आला नाही. एफ्राइनने मागच्या डाव्या चाकावरच्या हवेच्या फुग्याला पुन्हा फेस चोपडला, कान लावून ऐकलं आणि गाडीखालून सरपटत बाहेर आला.

"कुठेच गळत नाही, बाई."

"मग रोज सकाळी बसते कशी?" मातिल्देबाईंनी विचारलं.

त्याने फडक्याला हात पुसले. बाईंची ही जुनी, ऐसपैस डोंगरगाडी स्प्रिंगांऐवजी हवेच्या फुग्यांवर उभी राहायची. फुगे बदलून झाले, हवेचा पंप बदलला, झडपा खोलून धुतल्या. गॅरेजात ती रात्रभर ताठ उभी असायची. बाईंच्या गल्लीत गेली की सकाळी चार बोटं खाली.

समोरच्या गॅरेजवाल्या नेप्तालीला गंमतच झाली होती. "काय रे एफ्राइन, तुझं खेचर परत बसलं वाटतं? ओझं जास्त झालं असेल बिचाऱ्याला."

एफ्राइनने मान वर केली नाही. हे गॅरेज त्याच्या बापाने, सेगुंदोने उभं केलं. अख्ख्या रिओबांबा शहरात हवेवरच्या गाड्या त्याच्याकडेच यायच्या. गेल्या वर्षी म्हाताऱ्याच्या थरथरत्या हातून एका चाकाचे नट सैल राहिले, आणि एफ्राइन भर गिऱ्हाइकांत बोलून गेला, "बाबा, तुमचा हात लागला की काम दुप्पट होतं. आता पुरे करा." म्हाताऱ्याने हातातला पाना खाली ठेवला. समुद्रकाठी मांताला मुलीकडे जातो म्हणाला आणि पिशवी घेऊन गेला.

त्यानंतर एफ्राइनने फोन केला नव्हता. आधी राग होता, मग लाज वाटायला लागली. तसेच दिवस जात राहिले. आता ही गाडी सुधारली नाही तर लोक काय म्हणणार ते त्याला पाठ होतं. बापाला घालवलं, आणि बापाची विद्याही घालवली.

"रात्री मागच्या सीटवर काही ठेवता का? बटाट्याचं पोतं वगैरे?" त्याने विचारलं. "कुलूप लावलं तरी ही मधूनमधून जागी होते आणि चारी कोपरे तपासते. एक कोपरा दबलेला दिसला की बाकीचे तीन त्याच्या बरोबरीला खाली आणते."

बाईंनी नजर गाडीकडे वळवली. "पोतं नाही ठेवत रे."

"मग कोणी खोड्या करतं का?"

"कोण करणार? गल्लीला राखणदार आहे. वय झालंय, पण डोळ्यांत तेल घालून जागतो."

"त्यालाच विचारायला हवं, रात्री काय होतं ते."

"विचार की. मी कधीची म्हणतेय, घरी येऊन बघ. तू आपला दरवेळी गाडी इकडेच मागवतोस."

एफ्राइनने पाने पुसायला घेतले. बाई निघता निघता थबकल्या. "सेगुंदो कसा आहे?"

"मजेत आहेत," तो म्हणाला. "परवाच बोलणं झालं. ताजे मासे खातायत. समुद्राची हवा मानवलीय त्यांना."

खोटं बोलताना त्याचे कान तापले. बाई त्याच्याकडे बघत राहिल्या.

"बरं झालं. इथली थंडी सोसणारी नाही या वयात," त्या म्हणाल्या. "उद्या उजाडताना ये. साबण आण नाहीतर नको आणू, पण तू स्वतः ये."

रात्रभर त्याला झोप आली नाही. बाई गाडी नेप्तालीकडे नेणार, एवढंच डोक्यात घोळत होतं. तसं झालं तर गॅरेजवरची बापाच्या नावाची पाटीच उतरवावी लागेल.

पहाटे तो गल्लीत पोचला तेव्हा चिंबोराझोच्या बर्फाळ डोंगरावरून बोचरा वारा सुटला होता. राखणदार कुठे दिसला नाही. गाडी फुटपाथला लागून उभी होती, चार बोटं खाली. चारी कोपरे सारखेच दबलेले.

घराच्या दाराशी बाई शाल गुंडाळून उभ्या होत्या. हातात वाफाळता कप होता. आपल्यासाठीच असेल असं वाटून त्याला आणखी ओशाळल्यासारखं झालं. ज्याला गाडी सुधारता येत नाही त्याचा कसला पाहुणचार?

तो वाकला आणि चाकामागे विजेरी मारली. मग मागच्या काचेकडे लक्ष गेलं.

"बाई, काच आतून धुरकटलीय. ओल शिरलीय कुठून तरी. पाणी तारांपर्यंत गेलं असणार, तोच घोळ आहे." बऱ्याच दिवसांनी त्याच्या आवाजात जोर आला. "सापडलं बघा. मी उगाच हवा शोधत बसलो. चावी द्या, मागची सीटच उपसून काढतो."

बाईंनी चावी त्याच्या तळहातावर ठेवली, पण लगेच सोडली नाही.

"दार हळू उघड, एफ्राइन," त्या म्हणाल्या. "तुझ्या बाबांचा आत्ता कुठे डोळा लागलाय."