वेगळी चूल

निरीक्षकांनी दार वाजवले तेव्हा मावशी गरम शेगडीवर बसल्या होत्या.

शेगडी विजेची होती, एका आचेची, आणि लाकडी पेटीवर ठेवलेली. ती नुकतीच बंद केली होती. तिच्यावर चौघडी पांघरूण आणि पांघरुणावर मावशी, अशी व्यवस्था दोन मिनिटांत झाली होती. ड्रायव्हरताईने भांडी खाटेखाली लोटली, मीठमसाल्याचे डबे कपाटात आपल्या गणवेशांमागे दडवले आणि परतलेल्या कांद्याचा वास जावा म्हणून खिडकी सताड उघडली. वास काही गेला नाही.

मागच्या अंगणातली ही खोली म्हणजे मावशींच्या सुतार नवऱ्याची कामाची जागा. तो गेल्यावर मावशींनी ती ड्रायव्हरताईला भाड्याने दिली, त्याला चार वर्षे झाली. ड्रायव्हरताईकडे पहाटे पाचची पहिली बस असे. आगार इथून चालत दहा मिनिटांवर होते. एवढ्या भाड्यात दुसरी खोली शोधायची तर शेवटच्या थांब्याच्याही पुढे जावे लागले असते. आणि पहिली बस सुरू करणाऱ्या माणसाला कामावर आणायला बस नसते.

पण नगरपालिकेचा नियम सगळ्या शहराला पाठ होता : एका आवारात एकच चूल. दोन वर्षांपूर्वी पलीकडच्या गल्लीतल्या शिंप्याच्या मागच्या खोलीत चूल सापडली. तिचा फोटो निघाला आणि महिन्याभरात खोलीला कुलूप लागले. तेव्हापासून ड्रायव्हरताई फोडणीसुद्धा दार लावून देत असे. तिची पत्रेही मावशींच्याच नावे येत.

निरीक्षक पाय पुसून आत आले. हातात पाटी, पाटीला अडकवलेला छापील कागद.

"आमचं पत्र वाचलंत ना?"

"शब्दन् शब्द," मावशी म्हणाल्या. त्यांचा चष्मा दुरुस्तीला होता. ड्रायव्हरताईने 'बांधकामाची पाहणी' एवढे दोन शब्द वाचले होते. त्यापुढे वाचायचा तिला धीर झाला नव्हता.

"मग सांगायला नको. बसा, बसा, उठू नका."

"नाहीच उठत."

निरीक्षकांनी कागदावरच्या चौकटी भरायला सुरुवात केली. "स्वतंत्र दार… आहे. खिडकी… आहे. न्हाणी… तीही आहे." प्रत्येक बरोबरच्या खुणेसरशी मावशींना खोलीची एकेक भिंत ढासळल्यासारखी वाटत होती.

"आता शेवटचं. स्वयंपाक कुठे होतो?"

"इथे? छे! ही माझ्याकडेच जेवते. दोन्ही वेळा."

"म्हणजे वेगळी चूल नाही?"

"वेगळी चूल मांडायला आमचं भांडण का झालंय?"

निरीक्षकांनी खोलीभर नजर फिरवली. "कांद्याचा वास येतोय पण."

"शेजाऱ्यांचा असेल. दिवसभर चरत असतात मेले."

"आणि हे उलथनं?"

ते उशीशेजारी राहून गेले होते. ड्रायव्हरताईने ते शांतपणे उचलले. "पाठ खाजवायला. आठ तास सीटवर बसून बघा तुम्ही."

निरीक्षक हसले नाहीत. उलट त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी मावशींकडे निरखून पाहिले. "तुम्हाला बरं नाहीये का? घाम फुटलाय."

"थंडी वाजतेय," मावशी म्हणाल्या आणि किंचित उजवीकडे सरकल्या. थोड्या वेळाने डावीकडे.

"पुन्हा एकदा विचारतो, मावशी. एखादी लहानशी शेगडी? स्टोव्ह? काहीही चालेल."

'काहीही चालेल' हे ऐकून मावशी जास्तच सावध झाल्या. चोराला पकडायचे तर असेच गोड बोलतात. "या खोलीत साधं पाणी गरम होत नाही," त्या ठासून म्हणाल्या. "लिहा तसं."

निरीक्षकांनी नि:श्वास सोडला. "ठीक. मग चौथ्या चौकटीत काट मारावी लागेल."

"माराच," मावशी म्हणाल्या, आणि पाठीमागे हात नेऊन त्यांनी ड्रायव्हरताईची बोटे घट्ट दाबली. जिंकलो, पोरी.

निरीक्षकांनी पेन टेकवले, पण लिहिले नाही. "मनातून वाईट वाटतंय हो. यंदा पालिकेच्या सभेने इतका चांगला ठराव केला. शहरात परवडणारी घरं नाहीत, नवी बांधायला जागा नाही. तेव्हा लोकांच्या अंगणात आधीच आहेत त्या खोल्यांना घराचा दाखला द्यायचा, असं ठरलं. दाखला मिळाला की कुलूप नाही, पाडापाडी नाही. नळ वेगळा, दारावर क्रमांक वेगळा, पत्रंही आपल्या नावाने. ही खोली पाहून वाटलं, पहिला दाखला इथेच द्यायचा. पण घर म्हणायचं तर चार गोष्टी लागतात. तुमच्याकडे तीनच आहेत. चुलीशिवाय घर कसं म्हणणार, तुम्हीच सांगा."

पांघरुणाखाली थंड होत चाललेल्या शेगडीने 'टक्' आवाज केला. ड्रायव्हरताईच्या हातातून उलथने खाली पडले.

निरीक्षकांचे पेन कागदाकडे निघाले, तशा मावशी पांघरुणासकट उठल्या.

"अहो, थांबा! मघापासून तिच्यावरच तर बसलेय मी!"